खासदाराने कुठल्या बिलावर काय मत दिलं तेही छापा

महोदय, खासदारांच्या कामगिरीवरचा आपल्या पेपरातला लेख वाचला, हजेरी किती, प्रश्न किती विचारले सगळं नीट दिलंय पण कुठल्या बिलाला हो म्हटलं नि कुठल्याला नाही हे कुठेच नाही. बऱ्याच बिलांचं ते सापडणारही नाही, कारण आवाजी मतदानात सगळे एकत्र हो किंवा नाही म्हणतात, कोणाचं नावच नोंदलं जात नाही. २० सप्टेंबर २०२० ला राज्यसभेत शेतीची दोन बिलं अशीच पास झाली, विरोधक मतविभागणी, म्हणजे नावानिशी मतांची नोंद, मागत होते तरी, आणि २९ नोव्हेंबर २०२१ ला ती दोन आणि आणखी एक असे तिन्ही शेती कायदे रद्द करणारं बिल संसदेत पास झालं तेही चर्चेविना, आवाजीनेच! कांदा पिकवणाऱ्या आमच्या भागाने खासदाराला जाब विचारायचा तो कशाच्या आधारावर? वक्फ बिलावर २०२५ मध्ये लोकसभेत मतविभागणी झाली, २८८ विरुद्ध २३२, म्हणून तिथे कोण कुठल्या बाजूला होतं ते कळतं. बाकावर बटणं बसवलेली आहेत, काही मिनिटांचं काम आहे. व्हिप असतो हे मान्य, पण पक्षाच्या आदेशाने दिलेलं मतसुद्धा आमच्याच नावाने दिलेलं असतं ना. प्रत्येक बिलाच्या अंतिम मंजुरीला मतविभागणी सक्तीची करा ही मागणी आपण लावून धरावी, आणि तोवर नोंदलेली मतं तरी मतदारसंघवार छापावीत.

— एक मतदार, निफाड