नोंद आहे, पण उतारा निघत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

हतनूर जलाशयावरच्या पाणपक्षी गणनेची बातमी आपल्या जळगाव आवृत्तीत वाचली. पहाटेच्या थंडीत दुर्बिणी घेऊन काठावर उभी राहिलेली पोरं फोटोत पाहून मनापासून बरं वाटलं. बातमीत एकूण पक्षी किती ते होतं, ठळक जातींची नावंही होती. पण त्या पोरांनी दिवसभर भरलेले कागद पुढे कुठे जातात? हा प्रश्न मला गेल्या पावसाळ्यापासून स्वस्थ बसू देत नाही, म्हणून हे पत्र.

मी तलाठी होतो, पुढे मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झालो. आमच्या गावच्या हायस्कुलात जीवशास्त्र शिकवणारे एक सर होते. रविवार आला की ते एकतर तापीकाठी, नाहीतर सातपुड्यात. १९८३ साली नोकरीला लागल्यापासून २००६ पर्यंत त्यांनी अकरा वह्या भरल्या. ते गेल्यावर त्यांच्या मुलाने त्या माझ्याकडे आणून दिल्या. म्हणाला, "काका, तुम्हाला जुनं दप्तर वाचायची सवय आहे, बघा काही होतंय का."

एका पानावर असं आहे : "१३/१. हतनूर. सकाळी ७. चक्रवाक ४०-५०. थापट्या खूप. पाणकावळे. परतताना सावद्याला केळीच्या गाड्यांमुळे उशीर." वाचताना सर डोळ्यांपुढे उभे राहतात. पण नोंद म्हणून बसलं की अडतं. साल नाही. थापट्या बदकं 'खूप' म्हणजे साठ की सहाशे? पाणकावळा आपल्याकडे तीन जातींचा : छोटा, मोठा आणि भारतीय. यातला कोणता? सरांना हे सगळं ठाऊक होतं, म्हणूनच त्यांनी लिहिलं नाही.

दुसरं एक पान तर मी किती वेळा उघडलं असेल! "९ फेब्रु. पालच्या पुढे, नाल्यात. पिंगळा, सागावर, भर दुपारी." बस्स, एवढंच. पाल म्हणजे आमच्या तालुक्यातलं सातपुड्यातलं गाव. या वहीचं पुठ्ठ्याचं पान गेलेलं आहे, त्यामुळे सालही गेलं. गावात विजेच्या खांबावर बसतो तो ठिपकेवाला पिंगळा, तो कुठेही दिसतो. पण सातपुड्याच्या सागवनात दिवसाउजेडी शिकार करणारा दुसराही एक पिंगळा आहे, रान पिंगळा. त्याच्या माथ्यावर ठिपके जवळजवळ नसतात आणि शेपटीवर रुंद पांढरे पट्टे असतात. सरांनी "माथा कोरा" एवढे दोन शब्द जास्त लिहिले असते तरी काम झालं असतं.

हे मला एवढं का लागतं, तर रान पिंगळ्याची गोष्ट आपल्या खानदेशचीच आहे. १८७३ साली ए. ओ. ह्यूम या पक्षीतज्ज्ञांनी या पक्ष्याचं शास्त्रीय वर्णन केलं. पुढे जेम्स डेव्हिडसन या इंग्रज अधिकाऱ्याने पश्चिम खानदेशातून त्याचे नमुने, म्हणजे मारून, भरून ठेवलेले पक्षी, गोळा केले. १८८४ नंतर खात्रीचा एकही नमुना नाही. मात्र लंडनच्या संग्रहालयात एक नमुना होता, त्याच्या चिठ्ठीवर १९१४ साल आणि गुजरातेतलं मांडवी असं लिहिलेलं. तो रिचर्ड माइनर्ट्झहागेन या लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहातून आलेला. अमेरिकेच्या पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी बारकाईने तपासलं, तेव्हा तो डेव्हिडसनच्याच नमुन्यांतून चोरलेला, पुन्हा भरलेला आणि खोटी चिठ्ठी लावलेला निघाला. ती चिठ्ठी बाजूला सारून रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट खऱ्या चिठ्ठ्यांवरच्या जागी शोधत गेले, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये आपल्या शहाद्याजवळ त्यांना रान पिंगळा जिवंत दिसला. ११३ वर्षांनी!

एका चिठ्ठीवरची तारीख आणि गाव खोटं होतं, एवढ्याने शोध भलतीकडे जात राहिला. खरी चिठ्ठी शंभर वर्षांनंतरही वाट दाखवून गेली. मी आयुष्यभर नोंदीच केल्या, त्यामुळे ही गोष्ट मला फार जवळची वाटते.

तर आता मुद्द्याचं. सातबारा चंदगडचा तलाठी लिहो की चोपड्याचा, रकाने तेच असतात. गट नंबर कुठे, क्षेत्र कुठे, पीक कुठे, हे कुणाला विचारावं लागत नाही, म्हणून राज्यभराचे सातबारे एका जागी आणता आले. जिवांच्या नोंदींसाठीही असाच एक गाव नमुना जगभर ठरलेला आहे. त्याला डार्विन कोअर म्हणतात. टीडीडब्ल्यूजी ही आंतरराष्ट्रीय संघटना तो सांभाळते, २००९ साली तिने त्याला मानक म्हणून मान्यता दिली. कोपनहेगनला मुख्यालय असलेली, २००१ साली सुरू झालेली जीबीआयएफ नावाची व्यवस्था या नमुन्यात आलेल्या नोंदी जगापुढे मोफत ठेवते.

मी हे रकाने वाचले तेव्हा आपल्याच दप्तरात बसल्यासारखं वाटलं. फेरफाराला असतो तसा प्रत्येक नोंदीला तिचा स्वतःचा क्रमांक. जातीचं शास्त्रीय नाव. तारीख आधी साल, मग महिना, मग दिवस, म्हणजे ५/३ हा मार्च की मे असा घोळच नको. प्रत्यक्ष पाहिलं की संग्रहातला नमुना आहे, तेही. एवढं तर लागतंच. त्याच्या जोडीला अक्षांश-रेखांश, संख्या, पाहणाऱ्याचं नाव. मला सगळ्यात आवडलेला रकाना वेगळाच आहे : जागेबद्दल किती मीटर इकडेतिकडे होऊ शकतं, ते लिहायचा. नक्की ठाऊक नसेल तर तसं लिहायला जागा ठेवलेली आहे. आणि मूळ वहीतले शब्द जसेच्या तसे उतरवायलाही स्वतंत्र रकाने आहेत, त्यामुळे सरांचं "पालच्या पुढे, नाल्यात" कुठेही हरवत नाही.

सरांचा पिंगळा मी असा भरला आहे : अथेनी वंश (जवळच्या जातींचा गट), कारण दोन्ही पिंगळे त्याच्यातच येतात, जात अनिश्चित, काळ १९८३ ते २००६, जागा पालपासून १० किलोमीटरच्या आत. रान पिंगळा असं लिहायचा मोह झाला होता, खोटं कशाला सांगू. पण मग माझ्या चिठ्ठीत आणि त्या १९१४ च्या चिठ्ठीत फरक काय राहिला असता?

आता आपल्या गावोगावच्या लोक जैवविविधता नोंदवह्यांबद्दल, म्हणजे गावातल्या झाडा-जिवांची नोंद ठेवायच्या वह्यांबद्दल. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती आणि नोंदवही आली. कल्पना फार मोलाची. पुढे राष्ट्रीय हरित लवादाने या वह्या पुऱ्या करायला ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली, न पाळणाऱ्या राज्यांना दरमहा १० लाख रुपये भरायला सांगितले, आणि सगळीकडे एकच धावपळ झाली. त्या धावपळीत झालेली एका गावची नोंदवही मी पाहिली आहे. सातपुड्याच्या पायथ्याच्या या गावात सुरंगी आणि काजू असल्याचं तिच्यात लिहिलं होतं! शिवारातला अंजन आणि सालई मात्र नव्हते. कोकणातल्या कुठल्या तरी वहीची नक्कल उतरवली असणार. ज्या तडवी आजोबांना प्रत्येक झाड नावानिशी ठाऊक आहे, त्यांच्या ओट्यावर कुणी गेलंच नव्हतं. रकान्यांत पाहणाऱ्याचं नाव, तारीख आणि अक्षांश-रेखांश भरायचं बंधन असतं, तर ही नक्कल पहिल्याच ओळीला उघडी पडली असती.

सगळंच जगापुढे मांडावं, असं माझं म्हणणं नाही. रान पिंगळ्याच्या ढोलीची जागा नेमकी देऊ नये. ती एक दशांश अंशापर्यंत, म्हणजे साधारण ११ किलोमीटरपर्यंत मोघम करायची आणि तसं केल्याचं लिहून ठेवायचं, अशी रीत आहे. कुठल्या मुळीने कोणता आजार बरा होतो, हे पावरा किंवा तडवी घरातलं ज्ञान आहे. ते त्यांच्या संमतीशिवाय एका ओळीनेही बाहेर जाऊ नये. पण नदीवर उतरलेल्या चक्रवाकांची नोंद कपाटात ठेवून कुणाचं भलं होणार?

गणना करणाऱ्या मुलांना माझी विनंती आहे की, तुमच्या याद्या ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर चढवा. तिथल्या नोंदी पुढे जीबीआयएफकडे जातातच. जुन्या तारखांच्याही चढवता येतात. फुलपाखरं, झाडं, साप यांच्यासाठी आय-नॅचरलिस्ट हे तसंच संकेतस्थळ आहे. आमच्या विद्यापीठाला जोडलेल्या महाविद्यालयांनी आपल्या वनस्पती विभागांच्या कपाटांतले वाळवलेले नमुने एकदा बाहेर काढावेत. त्यांच्या चिठ्ठ्यांवर गाव, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव आधीच आहे. संस्थेने नोंदणी केली की आपल्या नावाने जीबीआयएफवर नोंदींचा संच प्रसिद्ध करता येतो, त्याला पैसे पडत नाहीत. आणि कुणी तो वापरला तर संस्थेचं नाव सोबत जातं. बी.एस्सी.ची दोन मुलं एका सुट्टीत एक कपाट सहज पुरं करतील.

सरांच्या अकरापैकी सात वह्या माझ्या भरून झाल्या, चार उरल्या आहेत. सरांबरोबर पालच्या जंगलात जाणारे त्यांचे विद्यार्थी आज पन्नाशीत असतील. त्यांच्यापैकी कुणी हे वाचत असेल, तर ९ फेब्रुवारीची ती दुपार आठवून पाहावी. रविवार होता का, कोणतं साल होतं, नाल्याचं नाव काय आणि पिंगळ्याचा माथा कसा होता, यातलं जे आठवेल ते आपल्या दैनिकाच्या पत्त्यावर कळवावं. वेगळं काही आठवत नसेल, तर नुसतं साल कळलं तरी मला हवं आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त मंडळ अधिकारी
ता. रावेर, जि. जळगाव