गोवळकोटच्या वाटेवर भेटलेल्यांनो, मनापासून थँक्यू

रविवारी सकाळी आईला घेऊन गोवळकोटच्या किल्ल्यावर गेलेलो, घरापासून रिक्षाने दहा मिनिटं, पण चिपळुणात राहून आई कधी वर चढलीच नव्हती. करंजेश्वरीच्या देवळात पाया पडून निघालो आणि अर्ध्या वाटेत जांभ्याच्या पायरीवर शेवाळाने तिचा पाय सटकला, मी धरेपर्यंत ती खाली बसलेली, घोटा लगेच सुजला.

मागून येणाऱ्या दोन पोरांनी काही न विचारता बॅगा ठेवल्या, एकाने रुमाल बाटलीतल्या पाण्यात भिजवून घोट्याला घट्ट बांधला, दुसऱ्याने झाडीतून काठी तोडून तिची टोकं दगडावर घासून आईच्या हातात दिली. ते घासणं मी विसरणार नाही, हाताला लागू नये म्हणून केलं त्याने!

खाली आल्यावर पाय धुवायला मी आईला वाशिष्ठीच्या काठाशी नेत होतो तर जाळं विणत बसलेले एक काका ओरडलेच, "ओ, थांबा, सुसर हाय थंय." ओहोटी लागलेली, चिखलावर ओंडक्यासारखी पडलेली, मला दिसलीच नव्हती. (आमच्याकडे मगरीला सुसरच म्हणतात.) काकांनी घरातून कळशी आणून स्वतः आईच्या पायावर पाणी घातलं.

नावं विचारायची राहिली हो तुमची. आईचा पाय आता बराय, काठी दाराशी जपून ठेवलीय, आणि बरं वाटलं की परत जायचं म्हणते, वरून नदीचं वळण बघायचं राहिलंय तिचं.