फ्लुओरेसंट कणांची परीक्षा आधी कोकणच्या खाड्यांत व्हावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

खाडीतील प्रदूषण ओळखणाऱ्या सूक्ष्म फ्लुओरेसंट कणांविषयीची बातमी आपल्या दैनिकात वाचली. या विषयाला आपण जागा दिलीत याबद्दल आभार. मात्र ती वाचून असा समज होतो की, हे कण पाण्यात सोडले म्हणजे जिथे विष असेल तिथे ते आपोआप चमकतील आणि किनाऱ्यावर उभ्या असलेल्या कोणालाही प्रदूषण डोळ्यांनी दिसेल. मी अनेक वर्षे रत्नागिरी जिल्ह्यात रसायनशास्त्र शिकवले आहे आणि खाडीवर पोट असलेली माणसे जवळून पाहिली आहेत. म्हणून हा समज रुजण्यापूर्वीच दूर व्हावा असे मला मनापासून वाटते.

हे कण पॉलिस्टायरिन, सिलिका किंवा पॉलिॲक्रिलामाइड जेल यांसारख्या पदार्थांचे असतात आणि त्यांचा आकार काही नॅनोमीटरपासून काही मायक्रोमीटरपर्यंत असतो. आत बसवलेल्या रंगद्रव्यावर निळा किंवा अतिनील प्रकाश टाकला की ते अधिक तरंगलांबीचा प्रकाश बाहेर टाकते, आणि ठरावीक आयन (विद्युतभारित अणू) किंवा रेणू त्याच्याशी जोडला गेला की तो प्रकाश वाढतो, घटतो किंवा त्याचा रंग सरकतो. बाहेरून प्रकाश टाकल्याशिवाय आणि परत येणारा प्रकाश उपकरणाने मोजल्याशिवाय काहीच कळत नाही. (हिवाळ्यात आपल्या किनाऱ्यांवर रात्री निळ्या उजळणाऱ्या लाटा दिसतात, तो सूक्ष्म जीवांचा स्वतःचा प्रकाश असतो, त्याचा येथे संबंध नाही.)

ही विद्या मुळात पेशींच्या अभ्यासासाठी वाढली. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ रॉजर त्सिएन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये फ्युरा-२ हे रंगद्रव्य प्रसिद्ध केले आणि पेशीच्या आतील कॅल्शियम मोजणे पुष्कळ सोपे झाले. ते बाहेरच्या कॅल्शियमच्या सुमारे दहा हजारांश इतकेच असते. पुढे १९९८ च्या सुमारास मिशिगन विद्यापीठात राऊल कोपेलमन यांच्या गटाने रंगद्रव्य पॉलिमरच्या २० ते २०० नॅनोमीटर कणांत कोंडले, म्हणजे पेशीतील प्रथिने रंगद्रव्याला चिकटून मोजणी बिघडवणार नाहीत आणि रंगद्रव्याचाही पेशीला त्रास होणार नाही. अशा कणांत बहुधा दुसरे, कशालाही प्रतिसाद न देणारे रंगद्रव्यही घालतात. दोन्ही प्रकाशांचे गुणोत्तर घेतले की दिव्याची तीव्रता किंवा कणांची संख्या कमीजास्त झाल्याने येणारी चूक बरीचशी निघून जाते. गढूळपणाची मात्र पूर्ण जात नाही, कारण गाळ सर्व रंगांचा प्रकाश सारखा अडवत नाही. आणि पावसाळ्यातील आपल्या खाड्यांचा रंग आपण सर्वांनी पाहिला आहे.

खरी अडचण पाण्याचीच आहे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यात मॅग्नेशियम सुमारे १.३ ग्रॅम, तर कॅल्शियम आणि पोटॅशियम प्रत्येकी सुमारे ०.४ ग्रॅम असते. इतक्या गर्दीतून लिटरमागे काही मायक्रोग्रॅम असलेला धातू ओळखायचा असतो. शिवाय खाडीचा खारेपणा भरती-ओहोटीबरोबर हलतो आणि जूननंतर पार कोसळतो. चिपळूणच्या वाशिष्ठी नदीत तर कोयनेच्या वीजगृहांतून सोडलेले गोडे पाणी येते, त्यामुळे तेथील खारेपणा केवळ ऋतूवर अवलंबून नाही. काही कणांत व्हॅलिनोमायसिनसारखा रेणू पोटॅशियमला आत घेतो आणि त्याच वेळी हायड्रोजन आयन बाहेर जाऊन रंग बदलतो. तेथे पाण्याचा पीएच (आम्लता सांगणारा आकडा) बरोबरीने मोजला नाही तर आलेल्या आकड्याला अर्थ राहत नाही.

याहून महत्त्वाची एक गोष्ट मच्छीमार संस्थांनी लक्षात ठेवावी. असे कण बहुतेक वेळा कशाशीही न बांधलेला, मोकळा आयन पाहतात, तर प्रयोगशाळा नमुना आम्लात विरघळवून एकूण धातू मोजते. खाऱ्या पाण्यात पारा मुख्यतः क्लोराइडशी बांधलेला असतो, तांबे सेंद्रिय पदार्थांशी. म्हणजे एकाच बाटलीतील पाण्याचे दोन आकडे वेगवेगळे येतील आणि दोन्ही बरोबर असतील. मासे मेल्यानंतरच्या वादात जो आकडा ज्याला सोयीचा, तो तो पुढे करील. म्हणून कणांनी इशारा द्यावा, आणि त्याच क्षणी बाटली सीलबंद करून प्रयोगशाळेकडे जावी, अशीच रीत हवी.

कण पाण्यात सोडण्याच्या कल्पनेला तर माझा स्पष्ट विरोध आहे. यांतील पुष्कळसे कण सूक्ष्म प्लास्टिकच होत, आणि कालवे व तिसऱ्या पाणी गाळूनच जगतात. कण पातळ पापुद्र्यात घट्ट बसवून कांडीच्या टोकाला किंवा चाचणीच्या पट्टीवर लावता येतात. तेवढेच मान्य करावे.

एका बाबतीत मात्र थांबण्याचे कारण नाही. विरघळलेला ऑक्सिजन रुथेनियम किंवा प्लॅटिनमयुक्त रंगद्रव्याचा प्रकाश मंदावतो, त्या तत्त्वावरचे मीटर बाजारात मिळतात आणि १८८८ पासून चालत आलेल्या विंकलर या रासायनिक पद्धतीने त्यांची पडताळणी करता येते. क्षारांमुळे पाण्यात मावणारा ऑक्सिजन कमी होतो, तेवढी दुरुस्ती करावी लागते. कोळंबीच्या तळ्यात रात्रभर शेवाळही ऑक्सिजन वापरत असल्याने पहाटे तो सर्वांत कमी असतो. त्या वेळचा आकडा हाती असला तर एरेटर (पाण्यात हवा मिसळणारे यंत्र) वेळेत सुरू करता येतो आणि सबंध पीक वाचू शकते.

रक्ततपासणीतही रंगांनी खूण केलेले ५.६ मायक्रोमीटरचे मणी वापरून एका थेंबात अनेक प्रतिपिंडे एकाच वेळी शोधता येतात. भातलावणीनंतर येणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसच्या तापात ही सोय मोलाची ठरेल. पण प्रतिपिंडे साधारणपणे तापाच्या पाचव्या ते सातव्या दिवसानंतरच सापडू लागतात, त्यामुळे आधीचा अहवाल नकारार्थी आला म्हणून उपचार थांबवू नयेत.

माझी विनंती एवढीच आहे की, शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयाने आणि किनाऱ्यावरील विज्ञान महाविद्यालयांनी मिळून एखादी खाडी निवडावी, जून ते मे असे पूर्ण वर्ष उधाणाच्या आणि भांगाच्या दोन्ही भरतींना या कणांचे आकडे, खारेपणा, पीएच आणि प्रयोगशाळेचे आकडे शेजारी शेजारी नोंदवावेत, आणि न जुळणाऱ्या नोंदींसह ते सर्व मराठीत खुले करावेत. राज्य शासनाने यासाठी निधी द्यावा, आणि नमुने घेण्याचे काम खाडीतील मच्छीमार सोसायट्यांच्या तरुणांना प्रशिक्षण देऊन सोपवावे.

आपला,
रसायनशास्त्राचा एक निवृत्त प्राध्यापक, चिपळूण