सायकलस्वारांनी सायकलवरून उतरल्यावरही व्यायाम करावा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

सायकल चालवण्याचे फायदे सांगणारे लेख वृत्तपत्रांतून नेहमी येतात आणि ते योग्यच आहे. परंतु नियमित सायकल चालवू लागलेल्या अनेकांची कंबर, गुडघे किंवा मान काही काळाने का दुखू लागते, याची चर्चा त्यांत क्वचितच असते. दुखणे सुरू झाले की नवी सीट, नवे हातमोजे, प्रसंगी नवी सायकल घेतली जाते. शरीराची तयारी मात्र राहूनच जाते.

मिनिटाला 80 फेरे या गतीने पॅडल मारले तर तासाभरात प्रत्येक पाय 4,800 वेळा त्याच ठरावीक कक्षेत फिरतो. एवढ्या फेऱ्यांत खुब्याचा सांधा एकदाही पूर्ण सरळ होत नाही, पाठ वाकलेली राहते आणि रस्ता दिसावा म्हणून मान सतत उचलून धरावी लागते. दिवसभर खुर्चीत बसून काम करणाऱ्याचे खुबे आणि पाठ तर सायकलवरही जवळजवळ त्याच स्थितीत असतात. पोट-पाठीचे स्नायू थकले की कटिभाग सीटवर डावी-उजवीकडे डोलू लागतो व भार कंबरेवर येतो. खुब्याच्या बाजूचे स्नायू दुबळे असतील, तर जोर लावताना गुडघा आत झुकू शकतो.

यावर केवळ ताण देण्याचे व्यायाम पुरत नाहीत, असे माझे स्पष्ट मत आहे. एक गुडघा जमिनीवर टेकवून खुबा हळूहळू पुढे नेणे आणि कुशीवर झोपून छातीचा भाग मागे वळवणे, या दोन हालचालींनी मोकळेपणा येतो. पण तो टिकवायला ताकद लागते. त्यासाठी उताणे झोपून, गुडघे दुमडून कंबर उचलणे, प्लँक (पालथे होऊन कोपरे व पायांची बोटे टेकवून शरीर सरळ रेषेत उचलून धरणे), हात-गुडघ्यांवर राहून विरुद्ध बाजूचे हात-पाय लांब करणे, पायरीवर एकेका पायाने चढणे-उतरणे आणि एका पायावर उभे राहून खुब्यातून पुढे झुकणे एवढे व्यायाम आठवड्यातून दोनदा, वजन किंवा आवर्तने सावकाश वाढवत केले तरी पुष्कळ झाले. जागतिक आरोग्य संघटनाही प्रौढांना आठवड्यातून किमान 2 दिवस स्नायूंच्या बळकटीचे व्यायाम सुचवते. शिवाय सायकलवर शरीराचे बरेचसे वजन सीटच पेलत असल्याने हाडांना पुरेसा भार मिळत नाही, ही बाब उतारवयाकडे झुकलेल्यांनी विशेष ध्यानात घ्यावी. निघण्यापूर्वी मात्र एकाच स्थितीत फार वेळ ताण देत बसण्याची गरज नाही. पाय पुढे-मागे झुलवणे आणि चार-सहा उठाबशा पुरतात.

अर्थात सीटची उंची चुकलेली असेल, तर कोणताही व्यायाम तिची भरपाई करू शकत नाही. पॅडल सर्वांत खाली असताना गुडघ्यात साधारण 25 ते 35 अंशांचा बाक असावा. सीट फार खाली असल्यास गुडघ्याची पुढची बाजू दुखते, फार वर असल्यास मागची. करंगळी व अनामिका बधिर होत असेल, तर तळहाताच्या कडेशी असलेली नस हँडलवर दाबली जात आहे असे समजून पकड बदलत राहावी. पायात उतरणारी कळ, सांध्याला सूज किंवा झोपेतून उठवणारे दुखणे असेल, तर व्यायामाचे प्रयोग न करता डॉक्टरांना दाखवावे.

आपल्या दैनिकाने आरोग्य पुरवणीत हे व्यायाम चित्रांसह द्यावेत, अशी विनंती आहे. एका पायावर झुकताना पाठ कशी सरळ ठेवायची आणि गुडघा किती वाकवायचा, हे शब्दांत कितीही सांगितले तरी वाचणाऱ्याला नेमके उमगत नाही.

कळावे.

आपला,
एक सायकलस्वार वाचक