पंखेवाला संध्याकाळी कुठे जातो?

लेस्टर, इंग्लंड

चि. अनिकेत यास,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

देवळाली कॅम्पावर एकांकिका बसवताय आणि त्यासाठी बीबीसीची ती जुनी मालिका बघायची म्हणतोस, असं दादाने सांगितलं. जरूर बघ. पण तिच्यातलं काय घ्यायचं आणि काय तिथेच ठेवायचं, ते आधी लिहिते, म्हणजे तालमी सुरू झाल्यावर संहिता फिरवावी लागणार नाही.

मालिकेचं नाव 'इट एन्ट हाफ हॉट, मम'. इंग्रजीतलं हे 'हाफ' म्हणजे अर्धं नव्हे, आपलं 'काही कमी नाही' आहे. पार्किन नावाचा पोरगेला गनर, म्हणजे तोफखान्यातला शिपाई, पहिल्याच भागात आईला पत्र लिहितो, त्यातून ते आलं: ऊन काही कमी नाही गं आई. १९७४ ते १९८१ अशी आठ पर्वं झाली, एकूण ५६ भाग. काळ १९४५ चा, युरोपातलं युद्ध नुकतंच संपलेलं. रॉयल आर्टिलरीची, म्हणजे ब्रिटिश तोफखान्याची, एक नाचगाण्याची तुकडी देवळालीत आहे. तिला लढाईवर जायचं नाही आणि सार्जंट मेजर विल्यम्सला तिला लढाईवर धाडायचंच आहे. या एका ओढाताणीवर मालिका चालते. सुरुवातीची पर्वं देवळालीतली, पुढे तुकडी ब्रह्मदेशात जाते. तुला सुरुवातीचीच पुरेत. बीबीसी तिचं पुनःप्रक्षेपण करत नाही, पण डीव्हीडी मिळतात.

लेखक जिमी पेरी आणि डेव्हिड क्रॉफ्ट. पेरी स्वतः देवळालीतल्या अशाच तुकडीत होते आणि क्रॉफ्ट यांनी पुण्यात लष्करी करमणुकीचं काम पाहिलं होतं. त्यामुळे बराकीतलं सगळं अस्सल आहे. काम टाळण्याच्या युक्त्या, अधिकाऱ्यांचा बावळटपणा, बायकांची कामं करणारे शिपाई, सार्जंट मेजरचा आवाज, हे सगळं नीट बघ. विंडसर डेव्हिस हा नट ओरडण्याआधी क्षणभर थांबतो आणि हशा त्या थांबण्यात आहे. तुमच्या सार्जंटला हे शिकवा, नाहीतर तो पहिल्या प्रवेशातच घसा बसवून घेईल.

आता अडचणीचा भाग. तंबूत तीन भारतीय आहेत: बेअरर म्हणजे हरकाम्या नोकर रंगी राम, चहावाला मुहम्मद आणि पंखेवाला रमजान. मुहम्मदचं काम ढाक्यात जन्मलेल्या दिनो शफीकने केलं, रमजानचं बाबर भट्टीने. रंगी मात्र मायकल बेट्स हा गोरा नट चेहरा रंगवून करतो. बेट्सचा जन्म झाशीचा, तो गुरख्यांच्या पलटणीत अधिकारी होता, हिंदुस्तानी अस्खलित बोलायचा. पेरी याच आधारावर शेवटपर्यंत त्या निवडीची बाजू घेत राहिले. मला ती पटत नाही. सईद जाफरी तेव्हा लंडनमध्येच काम करत होते. आणि रंगाचा परिणाम चेहऱ्यावर थांबत नाही, तो विनोदाचा अर्थ बदलतो. रंगीचा हुकमी विनोद म्हणजे 'आम्ही ब्रिटिश' असं म्हणत इतर भारतीयांना अडाणी ठरवणं. भारतीय नटाच्या तोंडी हे वाक्य आलं असतं तर हसता हसता बोचलं असतं, त्या माणसाची लाचारी आणि हुशारी दोन्ही दिसली असती. इथे गोरा माणूस काळा होऊन गोऱ्याची नक्कल करतो. बोच निघून जाते आणि लंडनच्या प्रेक्षकाला फक्त नक्कल दिसते. रंगी कॅमेऱ्याकडे बघून 'जुनी हिंदू म्हण' म्हणून काहीतरी सांगतो, तीही लेखकांनी रचलेली. बेट्स १९७८ मध्ये गेला, त्यानंतर ते काम दुसऱ्या कुणाला दिलं नाही.

पण तुझ्या कामाचा मुद्दा रंगाच्याही पुढचा आहे. या लोकांना भारत माहीत नव्हता असं म्हणताच येत नाही. पेरी देवळालीत, क्रॉफ्ट पुण्यात, बेट्स झाशीचा. आपल्या अहमदनगरात जन्मलेल्या आणि पुण्यात वाढलेल्या स्पाइक मिलिगन या विनोदी नटानेही १९६९ मध्ये 'करी अँड चिप्स' मालिकेत चेहरा रंगवून पाकिस्तानी-आयरिश माणूस केला. ती सहा भागांत बंद करावी लागली. सगळे भारतात राहिलेले, पण कॅम्पाच्या हद्दीच्या आत. म्हणून त्यांचे नोकर बारकाव्यांनिशी खरे दिसतात, पण ते कुठून येतात आणि कुठे जातात हे दिसत नाही. पंखेवाला रमजान दोरी ओढत बसतो. संध्याकाळी त्याच्या घरी कोण असतं? पगार कुणाच्या हाती देतो? मालिका विचारत नाही. आणि गोष्ट देवळालीची असून तिघांपैकी एकाचंही नाव नाशिककडचं नाही.

भाषेत हे सगळ्यात ठळक दिसतं. रंगी आणि मुहम्मद आपापसांत बोलतानाही बहुतेक वेळा मोडकं इंग्रजीच बोलतात. म्हणजे प्रेक्षकाला ते कधीच सफाईने बोलताना ऐकू येत नाहीत, आणि ज्याचं बोलणं कायम मोडकं तो माणूस भोळा वाटतो. अपवाद रमजानचा. तो उर्दूत लांबलचक शेरा मारतो आणि शेवटी दोन इंग्रजी शब्द टाकतो, त्यावरून कळतं की तंबूतला सगळ्यात शहाणा तोच.

क्रॉफ्ट यांनी पुढे जेरेमी लॉइडबरोबर 'अलो अलो' लिहिली, जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समधली. तिथे त्यांनी हे गणित सुधारलं. प्रत्येक देशाच्या माणसाला वेगळा हेल दिला आणि हेल म्हणजेच भाषा ठरवली. इंग्रज हेर फ्रेंच बोलायला गेला की त्याचेच उच्चार वेडेवाकडे होतात आणि हसं इंग्रजाचं होतं.

तुम्ही असं करा. नोकर आपापसांत तुमच्याकडची अस्सल मराठी बोलू देत, म्हणी, शिव्या, उसनवारीचा हिशेब, सगळं. गोऱ्याशी बोलताना त्यांची हिंदुस्तानी तोकडी पडेल. गोरे आपापसांत बोलतील तेव्हा स्वच्छ, वेगवान मराठी द्या, कारण ते इंग्रजी बोलताहेत असं आपण धरलंय. ते नोकराशी बोलायला लागले की मात्र त्यांची भाषा मोडेल: नुसती आज्ञार्थी क्रियापदं, 'जाव', 'जल्दी', 'इधर आव'. पहिल्या तीन मिनिटांत एकच माणूस दोन्ही तऱ्हांनी बोलताना दाखवा, म्हणजे नियम न सांगता कळेल. उशीर झाला तर प्रेक्षक गोंधळतो आणि तोपर्यंतचे विनोद वाया जातात.

दुसरा धोका तुमच्या बाजूचा आहे. त्यांना गाव माहीत नव्हतं, तुम्हाला बराक माहीत नाही. पिवळा विग, तोंडाला पांढरी पावडर आणि 'टुम काला आदमी' असलं काही रंगमंचावर आलं, तर तीच चूक उलटी होईल. खाकी अर्धी विजार, गुडघ्यापर्यंतचे मोजे आणि चालण्यातली कवायत एवढ्यावर गोरा उभा राहतो. एक प्रवेश पौषातल्या पहाटेचा घे, शिपाई ब्लँकेटमध्ये कुडकुडतोय. देवळाली म्हणजे सदैव भाजणारं ऊन, हाही साचाच आहे, हे तुला मी काय सांगायचं.

ग्लोरिया नावाच्या बायकी शिपायावरचे विनोद अजिबात उचलू नका. ब्रिटनमध्ये पुरुषांच्या समलिंगी संबंधांवरची बंदी १९६७ पासून उठू लागली, पण सैन्यातली २००० पर्यंत होती. त्या हशामागे माणसांच्या नोकऱ्या गेल्या आहेत.

मालिकेत जे नाही ते तुमच्याकडे भरपूर आहे. मुख्य पात्रांत भारतीय शिपाई एकही नाही, आणि ब्रह्मदेशात लढलेल्या चौदाव्या सेनेत बहुसंख्य भारतीयच होते. मालिकेची गोष्ट सुरू होते त्याच्या जरासंच आधी, एप्रिल १९४५ मध्ये, मराठा पलटणीच्या नामदेव जाधवांनी इटलीत सेनिओ नदीवर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईत नौसैनिकांचा उठाव झाला. चहावाल्याच्या घरातला कुणी पलटणीत असू शकतो, कुणी मुंबईच्या गोदीत.

आणि 'डूलॅली' हा शब्द हवाच. इथे इंग्लंडात डोकं फिरलेल्या माणसाला आजही डूलॅली म्हणतात. मुदत संपलेले शिपाई देवळालीत जहाजाची वाट बघत. जहाजं मोसमातच सुटत, मोसम हुकला की महिनोन्‌महिने रिकामं बसणं, आजारपणं, भ्रमिष्टपणा. त्याला ते 'डूलॅली टॅप' म्हणत. टॅप म्हणजे आपला ताप. हे वाक्य इंग्रज डॉक्टरला देऊ नकोस, चहावाल्याला दे. त्याला दोन्ही शब्द कळतात.

संहितेचा पहिला खर्डा झाला की पाठव. तुझ्या पंखेवाल्याचं घर भगूरला की विहितगावला, ते आधी ठरव. त्यावर त्याची यायची वाट, शिदोरी आणि उशिराची कारणं ठरतील. दादाला आणि वहिनीला नमस्कार, छोटीला पापा.

तुझी,
आत्या