लहान शहरांतील एफएमचा इतिहास

‘खासगी एफएम’ म्हटले की आम्हा मुंबईकरांना १९९३ मध्ये आकाशवाणीने खासगी निर्मात्यांना भाड्याने दिलेले एफएम प्रक्षेपणाचे तास आठवतात. लहान शहरांतील केंद्रांची कथा मात्र वेगळी आहे. केंद्र सरकारच्या १९९९ च्या खासगी एफएम धोरणातील ठरावीक परवाना शुल्क दरवर्षी १५ टक्क्यांनी वाढत असे आणि त्या ओझ्याने महानगरांतील केंद्रेही वाकली होती. २००५ मध्ये त्याऐवजी उत्पन्नातील ४ टक्के वाटा घेण्याचे ठरले, तेव्हा कुठे जळगाव, धुळे, अकोला, सांगली अशा शहरांत व्यावसायिक केंद्र चालवणे आवाक्यात आले. सराफ, साडीची दुकाने आणि शिकवण्या यांच्या जाहिरातींवर चालणाऱ्या केंद्राला स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा मात्र मिळाली नाही, त्यामुळे गावातील पाणीकपात सांगता आली, तरी नगरपालिकेच्या कारभारावर स्वतःचे वार्तापत्र देता आले नाही. (मुंबईतील केंद्रांनाही ते जमत नाही, पण इथे वृत्तपत्रांचा तुटवडा नाही.) ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २३४ नव्या शहरांतील ७३० वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी देताना मातृभाषेतील स्थानिक आशयाचा उल्लेख केला, त्याच वेळी स्थानिक बातम्यांवरील बंदीचाही फेरविचार व्हायला हवा होता.

– एक श्रोता, गिरगाव, मुंबई