ड्रॅगनची बेटं नकाशात आहेत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या बालपुरवणीत वादळी, ज्वालामुखीच्या बेटांवर राहणाऱ्या ड्रॅगनांची गोष्ट क्रमशः येते आहे. माझा नऊ वर्षांचा नातू ती मला मोठ्याने वाचून दाखवतो. मागचा भाग संपल्यावर त्याने विचारलं, "आज्जी, ही बेटं नकाशात कुठे आहेत?" मी अॅटलास काढला आणि इंडोनेशियात, सुंबावा आणि फ्लोरेस यांच्या मधल्या ठिपक्यांवर बोट ठेवलं. कोमोडो, रिंचा, पादार.

मी पोराची समजूत घालत नव्हते. या ठिपक्यांच्या पश्चिमेला, सुंबावावर तंबोरा हा ज्वालामुखी आहे. १८१५ मध्ये तो फुटला आणि त्याच्या राखेमुळे पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळाच आला नाही. पूर्वेला, फ्लोरेसच्या टोकाकडे लेवोतोबी आहे. २०२४ च्या नोव्हेंबरात त्याच्या उद्रेकात माणसं दगावली. आणि मधल्या बेटांवर कोमोडो ड्रॅगन हा महाकाय सरडा राहतो. चांगला वाढलेला नर दहा फुटांपर्यंत जातो. तिथले लोक त्याला 'ओरा' म्हणतात. एका राजकन्येला जुळं झालं, एक माणसाचं पोर आणि एक ओरा, अशी त्यांची लोककथा आहे. म्हणजे तो त्यांचा भाऊच.

हा ओरा आग तेवढी ओकत नाही. कातडीत हाडांच्या बारीक तुकड्यांचं चिलखत असतं. दातांची धार नारिंगी दिसते, कारण तिच्यावर लोहाचा थर असतो, हे २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. चाव्यात विष असतं, त्याने रक्त गोठत नाही. इंग्लंडमधल्या चेस्टरच्या प्राणिसंग्रहालयातल्या एका मादीने तर नराशिवाय अंडी घातली आणि त्यातून पिल्लं निघाली. अंड्यातून बाहेर पडलेलं पिल्लू सरळ झाड गाठतं, कारण खाली मोठे ओरा त्यालाच खातात. नातवाला हे सगळ्यात आवडलं. "मग तो खाली कधी येतो?" हे त्याने तीनदा विचारलं.

२०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने या प्राण्याला 'संकटग्रस्त' यादीत टाकलं. तापमान आणि समुद्राची पातळी वाढल्याने येत्या ४५ वर्षांत त्याच्या राहण्याजोगी किमान ३० टक्के जागा जाईल, असा त्यांचा अंदाज आहे. बेटावरचा प्राणी पळून पळून जाणार कुठे?

हे पत्र लिहायला बसले ते मात्र दुसऱ्याच कारणाने. गेल्या आठवड्यात आमच्या परसातल्या जांभ्याच्या गडग्यावर घोरपड आली होती. ऊन खात पडलेली, गळा फुगवून, दुभंगलेली जीभ आतबाहेर करत. वाडीतली चार पोरं दगड घेऊन जमली. मी धावेपर्यंत एक दगड तिच्या मागच्या पायाला बसला होता. फुसकारत, पाय ओढत ती गडग्याच्या भोकात शिरली. नातू माझ्या शेजारी उभा होता. हळूच म्हणाला, "आज्जी, ही ओराच आहे ना?"

त्याचं चुकलं नव्हतं. दोघं एकाच कुळातले, ओरा तेवढा थोरला. आपण यशवंतीची आख्यायिका सांगतो, घोरपडे हे आडनाव अभिमानाने लावतो, आणि घोरपड दिसली की दगड उचलतो. मांसासाठी तिला मारतात, सांधेदुखीवर म्हणून तिचं तेल विकतात. 'हत्थाजोडी' या नावाने झाडाची मुळी म्हणून जे देव्हाऱ्यात ठेवायला विकतात, ते नर घोरपडीचं सुकवलेलं जननेंद्रिय असल्याचं तपासात उघड झालेलं आहे. घरात लक्ष्मी यावी म्हणून माणसं हे विकत घेतात, हे कळलं तेव्हा मला शिसारी आली. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घोरपड आहे, म्हणजे वाघाइतकंच तिला संरक्षण आहे. हे शेतावर राबणाऱ्या किती जणांना कोणी सांगितलं? शेतातले उंदीर आणि किडे खाऊन ती आपलंच काम करते.

गोष्ट बंद करा असं मी मुळीच म्हणत नाही. आम्ही दोघं पुढच्या भागाची वाट बघतो आहोत. फक्त एका रविवारी त्याच पानावर ओरा आणि घोरपड यांची चित्रं शेजारी शेजारी छापा, आणि खाली वन विभागाचा १९२६ हा मदत क्रमांक ठळक द्या. ते पान आमच्या वाडीतल्या त्या चार पोरांना मी स्वतः वाचून दाखवीन.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, रत्नागिरी जिल्हा